नसलेली शिंगं

ॲन आर्बरच्या वॉश्टनॉ ॲव्हेन्यूवरच्या बसथांब्यापाशी गुरुदत्तला हरीण दिसलं. ऑक्टोबर संपत आला होता. सकाळचं धुकं रस्त्यावरून अजून उठलं नव्हतं, आणि त्या धुक्यात, थांब्याच्या काचेच्या आडोशाला, ते मान खाली घालून उभं होतं. तपकिरी पाठ, पोटाकडे फिकट होत गेलेला रंग, एक कान पुढे वळलेला, एक मागे. कानांच्या आतली पांढरी लवसुद्धा त्याला नीट दिसली. त्याने ब्रेक दाबला. मागच्या गाडीने जोरात हॉर्न दिला, तशी हरणाने मान वर केली आणि ती एक मुलगी झाली. विद्यापीठात शिकणारी कुणीतरी, तपकिरी कोट घातलेली. वाकून बुटाची नाडी बांधत होती. आपल्यासाठी कुणी थांबलंय की काय अशा नजरेने तिने क्षणभर गाडीकडे पाहिलं आणि दुसऱ्या पायाची नाडी बांधायला ती पुन्हा वाकली. गुरुदत्तने गाडी पुढे काढली. पुढच्या सिग्नलला थांबल्यावर त्याचं लक्ष स्वतःच्या उजव्या हाताकडे गेलं. चार बोटं स्टिअरिंगवर होती. तर्जनी मात्र सुटी होऊन, बंदुकीचा घोडा ओढावा तशी आकड्यासारखी वळली होती. तिचं काम करून झालं होतं.

तिथून तो ऑफिसात गेला. तो गाड्यांच्या कंपनीत दिव्यांच्या विभागात होता. अंधाऱ्या रस्त्यावर, गडद कपडे घातलेला माणूस गाडीच्या उजेडात किती लांबून दिसतो, याची गणितं करण्यात त्याची पंचवीस वर्षं गेली होती. टेबलावर तेच आलेख पसरलेले होते. ते बघताना त्याच्या मनात आलं, की या गणितांत माणूस एकतर दिसतो किंवा दिसत नाही. माणूस दिसतो, पण हरीण म्हणून दिसतो, यासाठी कुठे रकानाच नाही. दुपारी त्याने विवेकला फोन करून डोळे तपासायची वेळ घेतली. विवेक महाराष्ट्र मंडळातला जुना मित्र, नागपूरचा, डोळ्यांचा डॉक्टर. त्याने बाहुल्या मोठ्या करणारे थेंब घातले, उजेडाची बारीक काडी डोळ्यांत फिरवली, अक्षरं वाचायला लावली आणि खुर्चीत मागे रेलून म्हणाला, "यार, अठ्ठावन्नाच्या मानाने एकदम फर्स्ट क्लास आहेत. मोतीबिंदूची जरा सुरुवात आहे, पण ती माझ्याही डोळ्यांत आहे. तुला नक्की काय होतंय?" गुरुदत्त म्हणाला, "काही नाही. शिकारीचा सीझन आलाय, म्हटलं चेक करून घ्यावं." विवेक हसला. "म्हणजे हरणांची काही धडगत नाही. मला पाठव एखादी तंगडी. बायकोला सांगू नकोस, ती घरात येऊ देणार नाही." गुरुदत्तही हसला. बाहेर येऊन गाडीत बसल्यावर, थेंबांमुळे सगळं शहर पांढरं आणि धारदार दिसत असताना, त्याला पहिल्यांदा खरी भीती वाटली. डोळे बिघडलेले असते तर बरं झालं असतं. डोळे चांगले होते, तर मग ते कान आले कुठून?

शिकारीतलं त्याला जे येत होतं ते हेच होतं, दिसण्याच्या आधी दिसणं. लहानपणी आजऱ्याच्या बाजूच्या रानात बापूमामांनी त्याला ते शिकवलं होतं. मामांकडे ठासणीची बंदूक होती. रानडुकरासाठी हाका घालायचे तेव्हा हाकाऱ्यांची रांग खालून ओरडत, डबे वाजवत वर यायची आणि बंदूकवाले वरच्या अंगाला आपापल्या जागा धरून बसायचे. मामा त्याच्या कानाशी पुटपुटायचे, "जनावर शोधू नकोस. जनावर शोधायला गेलास तर झाडी दिसते. झाडीत चुकलेलं काय आहे ते बघ. आडवी रेघ बघ. झाडीत सगळं उभं असतं, आडवी असते ती पाठ." आणि खरंच, काही दिवसांनी त्याला आडव्या रेघा दिसायला लागल्या. एक रेघ दिसली की उरलेलं जनावर आपोआप यायचं. पाय यायचे, मान यायची, कान यायचे. इतरांना काही दिसायच्या आत. हाकारे रांग सोडून पुढे आले तर "माणूस! माणूस!" असं ओरडत यायचे, कारण वरच्या बंदुकांना रेघ दिसली की पुढचं सगळं सुचायचं. तेव्हा त्या ओरडण्याची गंमत वाटायची. माणूस असल्याचं ओरडून सांगावं लागतं, यात हसण्यासारखं काही नाही हे कळायला त्याला आता अमेरिकेतला एक बसथांबा लागला होता.

मामा म्हातारे झाल्यावरचंही त्याला आठवायला लागलं. हे त्याने कित्येक वर्षांत आठवलं नव्हतं. तो मुंबईहून कॉलेजच्या सुट्टीत गेला होता आणि हाक्याला मामांना ओढ्याच्या वरच्या खडकावर बसवलं होतं. ती जागा त्याला माहीत होती. तिथून कधीच काही जात नाही. जनावर ओढ्याच्या पलीकडून निघतं, हे गावातल्या पोरांनाही ठाऊक होतं. मामांना तर ठाऊकच होतं, त्यांनीच ते सगळ्यांना शिकवलं होतं. पण कुणी काही बोललं नाही आणि मामाही बोलले नाहीत. फेटा नीट करून, बंदूक मांडीवर घेऊन ते त्या खडकावर बसले. पलीकडे बार वाजले, आरडाओरडा झाला, तरी ते उठले नाहीत. गुरुदत्तला तेव्हा त्या लोकांचा राग आला होता. एवढ्या मोठ्या शिकाऱ्याचा असा अपमान! आता, रात्रीच्या जेवणाला बसताना, भाताचा घास हातात तसाच राहून त्याच्या मनात आलं, की त्या वर्षाच्या आधी काहीतरी झालं असणार. कुणीतरी "माणूस! माणूस!" असं ओरडलं असणार आणि बहुतेक वेळेवर ओरडलं असणार. गावाने ते मामांना न सांगता, न दुखवता, एका खडकावर नेऊन ठेवून दिलं. इथे त्याला खडकावर नेऊन बसवणारं कोण होतं?

"अहो, भात गार झाला," मृणालिनी म्हणाली. ती शहरातल्या वाचनालयात काम करायची आणि घरी आल्यावरही तिचा आवाज तसाच हळू राहायचा. हरणाचं मांस ती खात नसे. पण दर डिसेंबरात गरम मसाला, खोबरं घालून ते मटणासारखं करायची, वेगळ्या पातेल्यात, आणि मंडळातल्या दोनचार जणांना चोरून डबे द्यायची. "यंदा नाही गेलात तर?" तिने विचारलं. त्याने दचकून वर पाहिलं. तिला काही कळलंय का हे तिच्या चेहऱ्यावरून समजेना. "का?" "का म्हणजे... थंडी आहे. तुमच्या सोबतीचा आर्नीसुद्धा सत्तरीला आला. मागच्या आठवड्यात त्याने पानं गोळा करून आपल्याच ड्राइव्हवेत आणून टाकली. स्वतःचा समजून. मी काही म्हटलं नाही." "अगं, तो तसाच आहे विसराळू." "तो विसराळू कधीच नव्हता," ती म्हणाली. "आपल्या पद्मिनीला शिकवायचा तेव्हा वर्गातल्या प्रत्येक मुलाचा वाढदिवस त्याला पाठ होता." गुरुदत्तने घास तोंडात घातला. तिला सगळं सांगायची हीच वेळ आहे हे त्याला कळत होतं. बसथांबा, बोट, सगळं. पण सांगितलं की ते खरं होणार होतं आणि नाही सांगितलं तर कदाचित धुक्यातला भास म्हणून विरून जाणार होतं. "जपून राहू," तो म्हणाला. तिने मान हलवली आणि ताटं उचलली.

आर्नी नीमी हा त्याचा शेजारी. भूगोलाचा निवृत्त शिक्षक, मूळचा वरच्या मिशिगनमधला, फिनिश घरातला. गुरुदत्त नवा नवा ॲन आर्बरमध्ये आला तेव्हा कुंपणावरून त्याने विचारलं होतं, "तुम्ही लोक गाय खात नाही म्हणे. हरीण खाता का?" तिथून सुरू झालं. न्यूबेरीच्या पुढे, देवदारांच्या दलदलीपाशी, आर्नीच्या वडिलांनी बांधलेलं एक लाकडी घर होतं. त्यात लोखंडी शेगडी, बाहेर सॉनाची, वाफेने अंघोळ करायची खोली. फोन नाही, वीज नाही. नोव्हेंबरच्या पंधरा तारखेला सीझन उघडायच्या आदल्या दिवशी दोघे तिथे पोचायचे. इतक्या वर्षांत तो आर्नीबरोबर जितका गप्प बसला होता, तितका दुसऱ्या कुणाबरोबर बसला नव्हता. एकदा आर्नी म्हणाला होता, "तुझ्या त्या मामाने तुला जे शिकवलं ना, ते माझ्या बापाने मला शिकवलं. शब्दसुद्धा तेच. झाडीत आडवी रेघ बघ." तेव्हा गुरुदत्तला वाटलं होतं की जगात आपण कुठेही परके नाही.

यंदा जाताना आर्नीचा पिकअप आर्नीच चालवत होता. मॅकिनॉ पूल ओलांडून ते वरच्या बाजूला आले तेव्हा बर्फ भुरभुरायला लागलं होतं. दोन्ही बाजूंना पानं झडलेली बर्चची झाडं, मधूनच एखादं पेट्रोल पंपाचं दुकान, दारावर 'शिकाऱ्यांचं स्वागत' अशी पाटी. आर्नीने एकाएकी ब्रेक मारला. पिकअप थोडा घसरून थांबला. रस्ता मोकळा होता. "गेली," आर्नी म्हणाला. "मादी होती. पाहिलीस?" गुरुदत्तने काहीच पाहिलं नव्हतं. रस्त्याच्या कडेच्या ताज्या बर्फावर एकही खूर उमटलेला नव्हता. तो म्हणाला, "पाहिली." त्याला वाटलं, नाही म्हटलं तर आर्नी विचारेल, तुझे डोळे ठीक आहेत ना? आणि त्याचं उत्तर द्यावं लागेल. पुढे एकदा आर्नी तसाच थांबला, आणि या वेळी काहीच बोलला नाही. गाडीत हीटरचा आवाज भरून राहिला होता. दोन माणसं शेजारी शेजारी बसून एकच गोष्ट लपवत असावीत, असं त्याला क्षणभर वाटून गेलं. पण तो विचार त्याने पुढे जाऊ दिला नाही. आर्नी म्हातारा झालाय, एवढंच त्याने स्वतःला सांगितलं. माझं वेगळं आहे.

पहिले दोन दिवस काही घडलं नाही. जागा ठरलेल्या होत्या. गुरुदत्त टेकाडावर, पडलेल्या ओकच्या बुंध्याला पाठ लावून. आर्नी खाली दलदलीच्या काठाला. नियमही ठरलेला होता. पहाटे आपापल्या जागी गेल्यावर कुणी हलायचं नाही. दिवस मावळला, नेम दिसेनासा झाला, की आर्नी बंदूक रिकामी करून, बॅटरी लावून वर यायचा आणि दोघे मिळून घरी जायचे. दोघांनाही डोक्यापासून कमरेपर्यंत नारिंगी. जाकीट नारिंगी, टोपी नारिंगी. तो रंग रानात कुठल्याही झाडाचा, कुठल्याही जनावराचा नसतो. माणसासाठीच काढलेला रंग. गुरुदत्त बसून राहिला. बर्फ अधूनमधून पडत होतं. लांबून कुणाकुणाच्या बंदुकांचे आवाज येत होते, एखादं दार लावावं तसे. पूर्वी या बसण्यात तो स्वतःला विसरायचा. आता तो स्वतःवरच पहारा करत होता. समोरच्या झाडीत रेघ दिसायची आणि लगेच पाय यायला लागायचे, मान यायला लागायची, तसा तो डोळे मिटायचा आणि पुन्हा उघडायचा. बहुतेक वेळा पडलेला ओंडका असायचा. ओंडका दिसला की बरं वाटायचं आणि पाठोपाठ मनात यायचं, मग हे मघाशी काय होतं? झाडी भरत चालली होती. जिकडे बघावं तिकडे कुणीतरी उभं होतं आणि नीट बघितलं की नव्हतं.

तिसऱ्या दिवशी, दुपार कलल्यावर, नर आला. खाली, करवंदीसारख्या काटेरी झुडपांच्या कडेने, सावकाश. रुंद छाती, मोठी फांद्या फुटलेली शिंगं. इतक्या वर्षांत असा नर त्याने दोनदाच पाहिला असेल. बंदूक आपोआप खांद्याला लागली. बंदुकीवरच्या दुर्बिणीच्या वर्तुळात खांद्यामागची जागा आली, तिथला केसांचा भोवरासुद्धा दिसला. सगळं स्पष्ट होतं. बसथांब्यावर होतं तितकंच स्पष्ट. तर्जनी वळली. त्याने तिला थांबवलं. हा आहे का? त्याने डोळे मिटले, उघडले. नर तिथेच होता. पुन्हा मिटले, उघडले. नराने मान वळवून थेट त्याच्याकडे पाहिलं. नाकपुड्यांतून वाफ निघाली. आणि गुरुदत्तला खात्री झाली, की हा नर खरा आहे, आणि ही खात्री कवडीमोलाची आहे, कारण ती तेव्हाही इतकीच झाली होती. त्याने बंदूक खाली घेतली. नर दोन उड्यांत दिसेनासा झाला. मग त्याने एकेक काडतूस काढून खिशात टाकलं. नर गेल्याचं त्याला काही वाटत नव्हतं. जाऊन बर्फावर खूर उमटलेत का ते बघावं, एवढं सोपं होतं, खूर दिसले असते तर निदान एकदा तरी आपण बरोबर होतो हे कळलं असतं. पण तो उठला नाही. खूर नसले तर?

तो बराच वेळ तसाच बसला. उजेड करडा व्हायला लागला. मग त्याला एकट्याने बसवेना. आर्नीला सांगून टाकायचं, आत्ताच, अंधार पडायच्या आत, असं त्याच्या मनाने घेतलं. घरी शेगडीपाशी बसलं की आपण बोलणार नाही हे त्याला माहीत होतं. तो उठला, रिकामी बंदूक पाठीला लावली आणि टेकाड उतरायला लागला. कुणी हलायचं नाही हा नियम आपण मोडतोय हे त्याला कळत होतं. पण बंदूक रिकामी होती, अंगावर नारिंगी होतं आणि खाली आर्नी होता. आर्नीला भिण्याचं काय कारण? दलदलीच्या काठाला लार्चची वाळलेली झाडं होती. त्यांच्यामधून वाकून तो बाहेर आला आणि समोरच्या मोकळ्या पट्ट्यापलीकडे त्याला आर्नीचा नारिंगी ठिपका दिसला. त्याने हात वर केला. ठिपका हलला. ठिपक्याच्या मध्यावर एक काळी, बारीक रेघ आली आणि ती रेघ आखूड होत होत एका टिंबाएवढी झाली.

बंदुकीची नळी आपल्याकडे वळली की ती टिंबासारखी दिसते, हे त्याला कळायला थोडा वेळ लागला. "आर्नी!" तो ओरडला. वारा त्याच्याच तोंडावर होता. टिंब हललं नाही. गुरुदत्तला आर्नीच्या मनातलं सगळं दिसलं. वाळलेल्या फांद्यांमध्ये आडवी रेघ, मग पाय, मग मान, मग वर केलेल्या हातापाशी फांद्या फुटत गेलेली शिंगं. आर्नी आता श्वास अर्धा सोडतो आहे. आर्नीला खात्री आहे. आर्नीची कीव येत होती त्याला. त्या क्षणी भीतीपेक्षा ती कीवच मोठी होती. मग इंग्रजी सगळं नाहीसं झालं आणि छातीतून कुणाचा तरी आवाज निघाला, पातळ, पोरवयाचा, "माणूस! माणूस आहे! माणूस!" आणि तो खाली बसला, की पडला. डोक्यावरून काहीतरी फाटत गेलं. शेजारच्या लार्चची साल उडाली, गालाला तापलेली सुई टोचावी तसं झालं. आणि मग आवाज आला. आवाज नेहमी नंतर येतो.

आर्नी धावत आला. सत्तरीचा माणूस, गुडघ्याएवढ्या गवतात दोनदा पडला. बंदूक त्याने वाटेतच टाकली होती. गुरुदत्तच्या समोर येऊन तो उभा राहिला आणि त्याच्या नारिंगी टोपीकडे, नारिंगी जाकिटाकडे बघतच राहिला. मग त्याने दोन्ही हातांनी ते जाकीट चाचपलं, खांदे, छाती, पोट. "शिंगं होती," तो म्हणाला. "गुरू, मी शिंगं मोजली. देवाशपथ मोजली. आठ टोकं होती." त्याच्या हनुवटीवरून लाळ ओघळत होती. "मी काही आंधळा नाही. मला नारिंगी दिसतं. आत्ता दिसतंय." गुरुदत्त बर्फात बसलेला होता. त्याला उठता येत नव्हतं. "मला माहीत आहे," तो म्हणाला. "तुला काही माहीत नाही! मी तुला मारलं असतं. मी मृणालिनीला जाऊन काय सांगितलं असतं?" "आर्नी, ऐक. मलाही दिसतं." आणि त्याने सगळं सांगितलं. बसथांबा, मुलगी, कान, बोट. विवेकने डोळे चांगले आहेत म्हणून सांगितलं ते. दुपारचा नर. आर्नी त्याच्या शेजारी बर्फात बसला. टोपी काढून त्याने गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाला, "पूल ओलांडल्यावर थांबलो होतो तेव्हा तू म्हणालास, पाहिली." "हो." "पाहिली नव्हतीस." "नाही." आर्नीने मान खाली घातली. "मला वाटलं, तूही पाहिलीस म्हणजे मी ठीक आहे. त्या एका शब्दावर मी इथे येऊन बसलो, गुरू."

हे वाक्य त्याला गोळीपेक्षा खोल लागलं. दलदलीवर अंधार उतरत होता. दोघांनी एकमेकांना धरून उठवलं, बॅटरी लावली, वाटेत पडलेली बंदूक उचलली, रिकामी केली. लाकडी घरात आल्यावर आर्नीने त्याच्या गालातली लाकडाची कपची चिमट्याने काढली. कपची मोठी नव्हती. पण ती निघाल्यावर दोघेही शेगडीपाशी उभे राहिले आणि एकमेकांकडे बघेनात. शेवटी आर्नीच म्हणाला, "मग घरी गाडी कोण चालवणार?" तो विनोद करत नव्हता. साडेतीनशे मैल होते आणि वाटेत गावं होती, शाळा होत्या.

फोन गावात, हायवेवरच्या खाणावळीत होता. तिथपर्यंतचा कच्चा रस्ता गुरुदत्तने पिकअप चालवला, पायी चालणाऱ्या माणसाच्या वेगाने, दोन्ही बाजूंच्या काचा खाली करून. बर्फ आत येत होतं. पुढच्या दिव्यांच्या उजेडात रस्त्याच्या कडेला कुणीतरी उभं असायचं. "आहे?" तो विचारायचा. "टपालपेटी," आर्नी म्हणायचा. "नक्की?" "नाही." मग तो थांबायचा, आर्नी खाली उतरून चालत जायचा, हाताने पेटी चाचपायचा आणि परत येऊन बसायचा. एकदा आर्नी गेला तिथे खरंच हरीण होतं. त्याने हात लावायच्या आत ते उडी मारून झाडीत गेलं आणि आर्नी तसाच हात पुढे करून उजेडात उभा राहिला.

खाणावळ शिकाऱ्यांनी भरलेली होती. सगळीकडे नारिंगी, हसणं, बिअरचा वास. फोन भिंतीला होता. गुरुदत्तने एक कान बोटाने दाबून धरला. "मृणालिनी, तू येशील का? आम्हाला घ्यायला." मग तिचा तो हळू आवाज. "कुणाला काही झालंय का?" "नाही," तो म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "अजून नाही." ती पुढचं काही विचारेल म्हणून तो वाट बघत होता. तिने विचारलं नाही. "उजाडताच निघते," ती म्हणाली. "तो पूल मात्र... मी कधी चालवला नाहीये तो. बाजूला बसले तरी मी डोळे मिटून घेते." "पद्मिनीला बोलव." "ती शिकागोला. तिची वाट बघत नाही बसत मी. तुम्ही दोघं तिथेच थांबा. आर्नीला सांगा, गाडीला हात लावू नका." रिसीव्हर ठेवल्यावर त्याला वाटलं, हिला माहीत होतं. काय ते नाही, पण माहीत होतं. त्या रात्री ते खाणावळीमागच्या मोटेलात राहिले. आर्नी कपडे न बदलता पलंगाच्या काठावर बसून होता.

ती दुसऱ्या दिवशी दुपारी खाणावळीत आली. साडीवर जाड कोट, पायात बर्फाचे बूट. खुर्चीतून उठलेल्या दोन म्हाताऱ्यांकडे तिने आळीपाळीने पाहिलं. गुरुदत्तच्या गालावरची पट्टी तिने अंगठ्याने हलकेच दाबली. "काय हे?" "लाकूड." "आणि लाकूड कुठून आलं?" तो आर्नीकडे बघायला लागला. आर्नी म्हणाला, "मी सांगतो." त्याने सांगितलं, उभ्याउभ्याच, वर्गासमोर उभा राहून सांगावं तसं, काही न वगळता. त्याचं झाल्यावर गुरुदत्तने आपलं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. रडली नाही, ओरडली नाही. फक्त म्हणाली, "तुम्ही मला जेवताना म्हणालात, जपून राहू." मग तिने वेट्रेसला कॉफी मागितली, ती उभ्यानेच प्यायली आणि गाडीची किल्ली हातात घेतली. पिकअप आर्नीच्या मुलाने नंतर नेला. बंदुका त्यानेच विकल्या. त्या कुणी घेतल्या हे दोघांनीही विचारलं नाही. आर्नी पुढच्या हिवाळ्यापर्यंत शेजारी होता, मग मुलाने त्याला आपल्याकडे नेलं. पण हे पुढचं. त्या दिवशी आर्नी मागच्या सीटवर बसला, गुरुदत्त पुढे, आणि गाडी ती चालवत होती.

पुलावर चढताना सरोवरावरून धुकं येत होतं. लोखंडाचे मनोरे वर अर्धे दिसेनासे झाले होते. वाऱ्याने गाडी बाजूला ढकलली जात होती. मृणालिनीच्या बोटांची पेरं पांढरी पडली होती. "मला खाली बघवत नाही," ती म्हणाली. "मी फक्त ही पांढरी रेघ धरून चालवते. पुढे काय आहे ते तुम्ही सांगत राहा." गुरुदत्त पुढे बघायला लागला. धुकं होतं. धुक्यात, पुलाच्या बरोबर मधोमध, एक आडवी रेघ होती. मग पाय आले. माणसाचे की कशाचे, ते अजून ठरत नव्हतं. मान यायला लागली. "सांगा ना," ती म्हणाली. त्याने मागे पाहिलं. आर्नीने दोन्ही हातांनी डोळे झाकून घेतले होते. काही नाही म्हणणं सोपं होतं. आहे म्हणणंही. "मला काहीतरी दिसतंय," तो म्हणाला. "पण माझ्यावर जाऊ नकोस. वेग कमी कर आणि तू बघ." तिने श्वास आत ओढला. मान वर केली. रेघेवरची नजर सोडून, खालच्या पाण्यासकट, मनोऱ्यांसकट, तिने समोर बघितलं, बघत राहिली.

"पूल आहे," ती म्हणाली. "रेलिंग आहे. खाली पाणी आहे. समोर कुणी नाही."

"नक्की?"

"कुणी नाही हो."

त्याने तिच्यावर विश्वास ठेवला. ती आकृती जवळ जवळ येत गेली आणि गाडी तिच्या अंगावरून, कसलाही आवाज न होता, पलीकडे निघाली. गुरुदत्तचा उजवा पाय मात्र, जिथे ब्रेक नव्हता तिथे, गाडीच्या जमिनीवर पूर्ण जोराने दाबलेला होता आणि पूल संपून गाडी सपाट रस्त्याला लागली तरी तो त्याला उचलता येईना.